उजेड कुठून घ्यावा?

कॅमेरा खोटे बोलत नाही, हा समज समाजात चांगलाच रुजला आहे. एखाद्या गोष्टीवरून वाद निघाला आणि कुणी "फोटो दाखवा" म्हटले, की पुढचे बोलणे खुंटते. शब्द फिरवता येतात, स्मृती दगा देते, साक्षीदार फुटतात. भिंगाला मात्र ना नाते ना वैर, तेव्हा त्याने टिपले ते खरे, असे आपण धरून चालतो. हा समज पारखून पाहण्यासाठी फार खटाटोप नको. अंधाऱ्या खोलीत आपल्या एखाद्या माणसाला खुर्चीवर बसवावे, हातात दिवा घ्यावा आणि तो त्याच्या चेहऱ्याभोवती सावकाश फिरवावा. दिवा हनुवटीखाली आला की रोजचा सात्त्विक चेहरा एकाएकी भेसूर होतो. डोक्यावर गेला की डोळ्यांच्या जागी दोन खळगे पडतात आणि माणूस जन्माचा दुःखी दिसतो. नाकासमोर आला की नाक, गाल, कपाळ सारे एका पातळीवर येऊन चेहरा कागदातून कातरून काढल्यासारखा सपाट होतो. आणि दिवा किंचित उंचावर, एका बाजूस धरला, की तोच माणूस विचारी आणि काही सोसलेला वाटू लागतो. माणूस तोच, खुर्ची तीच, दिवाही तोच. मग यांपैकी खरा चेहरा कोणता?

हा प्रश्न वरवर फोटोच्या धंद्यातला दिसतो; पण थोडा विचार केला म्हणजे तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. दिवा कुठे ठेवायचा हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती समोरच्या माणसाची ओळख असते. ती ओळख आपण कशी वापरावी? आहे तसे दाखवावे म्हणावे, तर 'आहे तसे' म्हणजे कोणत्या दिव्यात? आणि दिसावे तसे दाखवावे म्हणावे, तर कुणाला दिसावे तसे?

आम्ही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. चेन्नईत केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो, पदवी पदरी बांधून दहा-बारा वर्षे फायली चाळीत आहोत, आणि रविवारी सरकारी क्वार्टर्समधील आमच्या दर्शनी खोलीचा स्टुडिओ करतो. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक खिडकी, तिच्यावर लावायला बटर पेपर, पांढऱ्या थर्माकोलचे दोन तक्ते, एक छत्री, एक दिवा आणि सौभाग्यवतींच्या परवानगीने दोरीवर टाकलेली चादर. ओळखीची माणसे येतात, बसतात, चहा घेतात, फोटो काढून जातात. पैशाचा व्यवहार नाही. त्यामुळे गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती नाही, आणि 'गिऱ्हाईकाने सांगितले म्हणून केले' ही पळवाटही नाही.

उजेडाचे नियम कुणाच्या भिडेने बदलत नाहीत. दिव्याचे अंतर दुप्पट केले तर चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणूनच दिवा अगदी जवळ असला की अलीकडचा गाल झळाळतो व पलीकडचा काळोखात बुडतो; दूर नेला की दोन्ही गालांतला फरक मिटत जातो. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने लहान असला, तर सावलीची कड सुरीने कापल्यासारखी पडते. मोठा असला, तर ती हळूहळू विरत जाते. सूर्य केवढा प्रचंड. पण इतका दूर, की आकाशात रुपयाएवढाच दिसतो, आणि म्हणून त्याची सावली कठोर. तोच ढगाआड गेला की सारे आभाळ दिवा होते आणि चेहरे कोवळे दिसू लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाचे ढग चेन्नईवर दाटतात, तेव्हा छत्री-तक्त्यांची यातायात न करता नुसत्या गच्चीवरही उत्तम फोटो निघतात.

परंतु हे नियम सर्वत्र सारखे असले, तरी त्यांवरून काढलेले दंडक सर्वत्र सारखे नसतात. युरोपातील चित्रकारांनी घालून दिलेला एक दंडक असा, की चेहऱ्यासाठी उत्तरेची खिडकी घ्यावी, कारण उत्तरेकडून ऊन कधी आत येत नाही, उजेड दिवसभर शांत आणि एकसारखा राहतो. त्यांच्या देशात ते खरे आहे. चेन्नई मात्र विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर. येथे एप्रिलच्या अखेरीस सूर्य नेमका माथ्यावर येतो, पुढे दुपारी तो उत्तरेकडेच कललेला असतो, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर पुन्हा माथ्यावरून दक्षिणेस जातो. म्हणजे ज्या दिवसांत उन्हाचा ताप अधिक, त्या दिवसांतच येथे उत्तरेच्या खिडकीतून ऊन डोकावते आणि बटर पेपर लावावा लागतो. पुस्तकात 'सर्वमान्य' म्हणून छापलेल्या गोष्टीलाही एक गाव असते, हे आम्हांला त्या खिडकीने शिकवले.

आता कुणी म्हणेल, हा सारा घोळ कलावंतांनी घातलेला आहे. दिवा सरळ समोरून लावावा, सावली पडू देऊ नये, आपली निवड मध्ये आणू नये, म्हणजे जे उमटेल ते निःपक्षपाती. सरकारने नेमके हेच केले आहे. पासपोर्टचा फोटो पांढऱ्या पडद्यावर, चेहरा समोर, सावली नको, हसू नको. १९९३ पासून मतदारांना ओळखपत्रे मिळू लागली, त्यांवरही तशीच तसबीर. आमचे तर पोटच अशा तसबिरी चिकटवलेल्या कागदांवर चालते, तेव्हा त्यांची निंदा आम्ही करणार नाही. तथापि इतक्या वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट सांगता येते. ओळखपत्राचा फोटो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: 'तो हाच का?' 'हा कोण?' हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. पहिल्या प्रश्नाला सपाट उजेड पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. माणसाच्या गालाला गोलाई आहे, कपाळावर आठी आहे, डोळ्यांखाली जागरणे आहेत. सावली काढून टाकली की हे सारे जाते. तेव्हा समोरचा सपाट उजेड हीसुद्धा निवडच झाली. ती सावलीविरुद्धची निवड एवढेच.

निवृत्तिवेतनाच्या कागदांसोबत कर्मचाऱ्याला पती किंवा पत्नीसह एकत्र काढलेला फोटो जोडावा लागतो. त्यामागचा हेतू व्यवहाराचा आहे: दोघांपैकी कर्मचारी आधी गेला, तर मागे राहिलेल्याला कुटुंब-निवृत्तिवेतन देताना ओळख पटावी. म्हणजे दोघांपैकी एकजण जाणार हे गृहीत धरूनच तो काढलेला असतो. असे फोटो हाताखालून जाताना आम्ही क्षणभर थांबतो. दोघेही ताठ, दोघेही समोर पाहणारे, मध्ये दोन बोटांचे अंतर. पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार. पण दिव्याने त्यातले काही सांगितलेले नाही, कारण कुणी विचारले नव्हते. आणि पुढे कित्येकदा असे घडते, की भिंतीवर लावायला घरात दुसरा फोटो सापडत नाही. मग हाच कातरून, मोठा करून, त्याला हार घातला जातो. 'तो हाच का' एवढेच सांगणाऱ्या चित्राला 'हा कोण' हे नातवंडांना सांगायचे काम करावे लागते. म्हणून आपल्या माणसाचा एक तरी फोटो, तो हयात असताना, सवडीने आणि बाजूच्या उजेडात काढून ठेवावा, असे आम्ही भेटेल त्याला सांगतो. यात हौस आहे. पण हौसेपेक्षा कर्तव्य अधिक आहे.

निःपक्षपातीपणाचा दावा आणखी एका ठिकाणी उघडा पडतो, आणि ते ठिकाण आमच्या लोकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. रंगीत फिल्मच्या काळात, विसाव्या शतकाच्या मध्यापासून, कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पुरवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर असे एक गौरवर्णी स्त्री. तिची कातडी ठीक उमटली म्हणजे यंत्र ठीक, असा हिशेब. कॅनडातील संशोधिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या कार्डांचा इतिहास मांडला. त्यांनी नोंदवलेली एक हकीकत विचार करायला लावणारी आहे: गडद रंगाच्या छटा फिल्मवर नीट उमटाव्यात म्हणून कंपनीवर दडपण आले, ते सावळ्या माणसांच्या तक्रारींमुळे नव्हे; ज्यांना आपल्या मालाचे रंग जाहिरातीत ओळखू येईनात, अशा चॉकलेट व लाकडी सामान बनवणाऱ्या कारखानदारांमुळे आले. पुढे १९९० च्या दशकात नाना वर्णांच्या स्त्रियांची कार्डे निघाली, आणि २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनचा कॅमेरा सर्व वर्णांना न्याय देईल असे स्वतंत्रपणे जाहीर केले. ज्या यंत्राला ना नाते ना वैर म्हणतात, ते मुळात कुणाच्या तरी चेहऱ्यावरून जुळवलेले होते, हा याचा अर्थ.

आणि यासाठी परदेशाकडे बोट दाखवायला नको. १९७५ मध्ये आपल्याकडे गोरेपणाचे मलम बाजारात आले, त्याच्या नावातच गोरेपण आणि सौंदर्य एकत्र बांधलेले होते. २०२० मध्ये त्या नावातले गोरेपण कंपनीने काढून टाकले. आमच्या घरांतून ते तितक्या सहज जाईल असे दिसत नाही. आज कित्येक मोबाइल फोनांत तर चेहरा सुबक करण्याची सोयच असते, आणि सुबक करणे म्हणजे काय, तर डाग पुसणे आणि रंग उजळवणे.

या प्रश्नाची खरी कसोटी स्थळासाठी काढायच्या फोटोत लागते. आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तमिळ देशात नांदत आहे. घरातील मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, सावळी. तिची आई तिला घेऊन एका रविवारी आली आणि मुलगी खिडकीशी बसल्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, रंग जरा उजळून निघेल असं बघा." आम्ही गोल गोल उत्तर दिले असते तर ती गप्प बसली असती. पण आम्ही स्पष्ट म्हणालो, की फोटो चांगला काढू, रंग बदलणार नाही. त्यावर त्या माउलीने जे उत्तर दिले ते आम्ही विसरलो नाही: "तुमच्या तत्त्वापायी आमच्या मुलीचं स्थळ जाईल. तुमचं काय जातं?"

या उत्तराला खोडून काढणे सोपे नाही. तत्त्वाची किंमत जो तत्त्व सांगतो त्याने मोजली तर ते तत्त्व. दुसऱ्याला मोजायला लावली तर तो तोरा. मुलीला नकार आला तर आमचा रविवार काही बुडणार नव्हता. शिवाय आई खोटे कुठे मागत होती? बाजारात प्रत्येक फोटो उजळलेला असतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. मग एकटीचाच तसाच ठेवला, तर पाहणारा तिला आहे त्याहून दोन छटा अधिक सावळी समजणार. म्हणजे सर्व जण खोटे बोलत असताना खरे बोलणाऱ्याचेच बोलणे खोटे ठरते. हा युक्तिवाद आम्हांला खोटा वाटत नाही. किंबहुना, अप्रामाणिकपणाच्या बाजूने जितके बोलता येईल तितके यात आले आहे.

तरीही आम्ही रंग बदलला नाही, आणि त्याची कारणे पुढे अनेक दिवस स्वतःशी तपासली. पहिले कारण साधे. फोटोच्या मागून माणूस येते. दाराशी ती मुलगी उभी राहील तेव्हा पाहणाऱ्यांच्या नजरेत जो क्षणभर फरक पडेल, तो कॅमेऱ्याला नव्हे, तिला सोसावा लागेल. आईला फोटो गाठायचा होता. मुलीला त्यापुढचे जगायचे होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. रंग उजळवणे म्हणजे केवळ पाहुण्याला फसवणे नव्हे; समोर बसलेल्या मुलीला, एक शब्दही न बोलता, 'तुझ्यात दुरुस्त करण्याजोगे काही आहे' हे सांगणे होय. ते वाक्य तिने लहानपणापासून शेजारपाजारी, लग्नकार्यात ऐकलेलेच असणार. आमच्या खोलीत ते पुन्हा एकदा, दिव्याच्या साक्षीने म्हटले जावे का, एवढाच प्रश्न होता.

पण केवळ नकार देऊन भागले नसते. सावळ्या चेहऱ्याचा वाईट फोटो काढून 'हेच सत्य' म्हणणे हा प्रामाणिकपणा नव्हे, आळस आहे. सावळा रंग फोटोत मळकट दिसतो तो बहुधा रंगामुळे नव्हे, उजेड चुकीचा घेतल्यामुळे. कॅमेऱ्याचे उजेड मोजण्याचे यंत्र चौकटीतल्या साऱ्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. मागे पांढरी भिंत असली की ती भिंत करडी करण्याच्या नादात चेहरा काळवंडतो. म्हणजे जो पांढरा पडदा निःपक्षपाती म्हणून नेमला, तोच सावळ्या माणसावर अन्याय करतो. तो काढून मागे गडद मातकट रंगाची चादर टाकावी, उजेड भिंतीवरून नव्हे, गालावरून मोजावा. गोऱ्या चेहऱ्याचा घाट सावलीने कळतो; सावळ्या चेहऱ्याचा घाट त्यावर पडणाऱ्या झळाळीने कळतो, जशी काळ्या पाषाणाची मूर्ती समईच्या उजेडात गालाच्या आणि कपाळाच्या कडेने कळते. यासाठी दिवा प्रखर नको, मोठा हवा. म्हणून खिडकी घ्यावी, तिच्यावर बटर पेपर लावावा, चेहरा तिच्याकडे अर्धा वळवावा आणि पलीकडून थर्माकोलचा तक्ता जवळ आणावा. दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो; डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६-१६६९) याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. ही सारी खटपट चेहरा बदलण्यासाठी नसते, तो दिसावा म्हणून असते.

मग चेहरा खुलवणे आणि चेहरा बदलणे यांतली सीमा कुठे? उजेड निवडणे ही जर ढवळाढवळच, तर रंग उजळवण्याने काय वेगळे केले? येथे जुन्या स्टुडिओंकडे पाहिले तर मदत होते. छायाचित्रण हिंदुस्थानात आले तेव्हापासून आपल्या माणसांनी ते आपलेसे केले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, ही त्या पहिल्या पिढीतली नावे. नंतरच्या काळात गावोगाव स्टुडिओ झाले आणि त्यांत रंगवलेला पडदा, कोरीव मेज, फुलदाणी, हातात एखादे पुस्तक असा थाट आला. ज्याच्या घरात मेज नाही तो मेजावर हात ठेवून उभा राही. ते खोटे होते का? नव्हते, कारण तो थाट स्टुडिओचा हे पाहणाराला ठाऊक असे. माणसाने आपली एक इच्छा फोटोत बोलून दाखवलेली असे. सिनेमाचेही तसेच. याच शहरातील जेमिनी स्टुडिओत तमिळ लेखक अशोकमित्रन (१९३१-२०१७) नोकरीस होते. त्यांच्या आठवणींत तेथील रंगभूषा विभागाचे वर्णन आहे, आणि तो विभाग काही काळ एका महाराष्ट्रीय गृहस्थाच्या हाताखाली होता हेही त्यात येते. तेथे दिव्यांच्या प्रखरतेपुढे टिकावीत म्हणून नटनट्यांच्या चेहऱ्यांवर जाड थर चढत. पण प्रेक्षक तिकीट काढतो ते सोंग पाहण्यासाठीच.

सीमा येथे सापडते असे आम्हांला वाटते. ज्या बदलाची पाहणाराला कल्पना आहे आणि ज्याने बसणाऱ्याचा कमीपणा होत नाही, ती सजावट. जो बदल लपवावा लागतो आणि ज्याने बसणाऱ्याला आपल्याच चेहऱ्याची लाज शिकवली जाते, ती फसवणूक. आणि तिच्यात फसतो तो केवळ पाहुणा नव्हे. उजेड कोणताही घ्या, त्यात काही झाकले जाणार, काही उघडे पडणार. हे टळत नाही. परंतु दिवा हलवून जे दिसते ते त्या चेहऱ्यावर होतेच. रंग पुसून जे दिसते ते त्या चेहऱ्यावर कधीच नव्हते. पहिल्यात आपण माणसाची एक बाजू निवडतो. दुसऱ्यात त्या माणसाऐवजी दुसरेच माणूस निवडतो.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट येते. बसणाऱ्याला विचारले पाहिजे. १८९२ मध्ये राजा दीनदयाळ यांनी हैदराबाद-सिकंदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. भिंगामागे कोण आहे यावर भिंगासमोरचे माणूस किती मोकळे होते हे त्या चतुर धंदेवाल्याने ओळखले होते. आज पडदा नाही. पण स्थळाचा फोटो आई सांगते, वडील पसंत करतात, मामा पाठवतात. जिचा चेहरा, तिला शेवटी विचारतात, तेही विचारले तर. त्या दिवशी आम्ही मुलीला खिडकीशी आरसा दिला आणि "तुला कोणत्या बाजूने बरी दिसतेस असं वाटतं?" एवढेच विचारले. तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसावा.

आईने पुढे तो फोटो कुठल्याशा दुकानात नेऊन संगणकावर उजळवून घेतला, असे कळले. मग आमच्या आग्रहाचा उपयोग काय झाला? व्यवहाराच्या दृष्टीने काहीच नाही. परंतु चार दिवसांनी मुलीचा निरोप आला: "दादा, मूळ फोटोची एक प्रत मला वेगळी हवी." तिचे लग्न जमले की नाही हे येथे सांगण्याचे कारण नाही, एका फोटोने लग्ने जमत नाहीत आणि मोडतही नाहीत. पण ज्या चित्राला उद्या कधीतरी 'हा कोण' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, असे एक चित्र तिच्यापाशी आहे, आणि ते तिने स्वतः मागून घेतले आहे.

प्रामाणिकपणा म्हणजे काही न निवडणे अशी आपली समजूत असते. ती सोयीची आहे, कारण तिच्यात कष्ट नाहीत. दिवा समोर ठेवला, कळ दाबली, आणि जे उमटले त्याची जबाबदारी यंत्रावर टाकली की आपण मोकळे. वास्तविक ज्याच्या हाती दिवा आहे त्याला निवडीतून सुटका नाही. शिक्षक विद्यार्थ्याविषयी शेरा लिहितो, अधिकारी हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल भरतो, शेजारी शेजाऱ्याविषयी चौकशीला आलेल्यांशी चार शब्द बोलतो. हे सारे कुणाच्या तरी चेहऱ्याभोवती दिवाच फिरवीत असतात. त्या सर्वांकडून एवढीच अपेक्षा करावी, की त्यांनी नसलेले काही आणू नये, असलेले लाजेने पुसू नये, आणि ज्या बाजूने ते माणूस सर्वांत अधिक स्वतःसारखे दिसते ती बाजू सापडेपर्यंत दिवा हलवण्याचे श्रम घ्यावेत.

त्या श्रमांना वेळ लागतो. एक चेहरा नीट पाहायला आमचा अर्धा रविवार जातो. पण समोरचे माणूस तो चेहरा घेऊन अख्खा जन्म काढणार असते, हे लक्षात घेतले, तर अर्धा रविवार ही काही फार मोठी किंमत नव्हे.